तलावाची माळ

माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली चार बोटांवर, कातडी जराशी चुरगळलेली आहे. पदर नीट घेतला तर झाकते, पण पदर नीट घ्यायची सवय मला कधी लागली नाही, त्यामुळं सगळ्यांना दिसते. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्यातल्या एका बाईनं विचारलंच, लहानपणी भाजलं होतं का म्हणून. मी म्हटलं, ‘नाई ओ बाई, आमच्या तलावानं मागणी घातली होती मले.’ बाईनं चहाची बशी खाली ठेवली ती परत उचलली नाही. सून नंतर चार दिवस माझ्यावर घुश्शात होती. पण मी खोटं काय बोलले? मागणी आली होती, घरच्यांनी होकार दिला होता, आणि मला राहायला घरसुद्धा बांधून झालं होतं. ते कसं घडलं ते आता लिहूनच टाकते, म्हणजे पाहुण्यांना अर्धवट सांगून घाबरवायला नको.

आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडं. आम्ही ढिवर, मासे धरून जगणारे. गावाच्या वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव, आणि त्याच्या पाळीला लागून आमच्या भावकीची पाचसहा घरं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमच्या मागच्या भिंतीपासून ती इतकी जवळ, की मधून एक बैलगाडी कशीबशी जाई. पाळीच्या त्या अंगाला पाणी आणि या अंगाला खाली आम्ही. तलाव भरला की पाणी आमच्या छपराच्या वर असे. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. पण पावसाळ्यात मागच्या भिंतीला कान लावला तर आत बारीक आवाज येई, कोणी खूप जणी मिळून हळू बोलताहेत असा. पाणी मातीतून झिरपतं त्याचा तो आवाज, हे आता मला कळतं. तेव्हा माय आम्हाला भिंतीला कान लावू देत नसे, एवढंच ठाऊक होतं.

घर म्हणजे एक लांबट खोली आणि पडवी. खोलीच्या खुंट्यांवर बाबाची जाळी टांगलेली असत, ओलीच, आणि आम्ही त्यांच्या खालीच निजायचो. पाणी, शेवाळ आणि मासळी यांचा तो वास आम्हाला घराचाच वास वाटे. शाळेतल्या पोरी नाक मुरडत, तर मुरडोत. रोजचं खाणं भात, लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण, अंबाडीची भाजी, आणि तव्यावर भाजून मिरचीत ठेचलेले सुके झिंगे. मरळ सापडली की त्या दिवशी सण. मरळीचं डोकं मात्र बाबाच्या ताटात पडायचं, त्यात वाटेकरी कोणी नाही. माझा धाकटा भाऊ सुऱ्या त्या डोक्यासाठी जीव टाकायचा. त्याला शेपटी मिळायची आणि वरून माझी टपली.

धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता त्या दिवसांत मला पहिली गाठ लागली. चिखलातून येऊन मान धुताना कानाखाली बोट थांबलं. बोराच्या बीएवढी गाठ, कातडीच्या आत, दाबली तर थोडी सरकायची. दुखत बिलकूल नव्हती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मानेवर माणसाला हजार गोष्टी होतात, घामोळ्या येतात, केसतोड होतो. मग काही दिवसांनी माय माझी वेणी घालत होती आणि तिचा हात मधेच थांबला. तिला दुसरी सापडली होती, पहिलीच्या खाली. तिनं दोन्ही चाचपल्या, तिसरी शोधली, आणि ती होती. मायनं वेणी अर्धीच सोडली आणि चुलीकडं निघून गेली. 

त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. आमच्या त्या पाचसहा घरांत लहान पोरीलाही ठाऊक असे. तलावात आसरा राहतात, सात बहिणी. त्या कोणाचं वाईट करत नाहीत, मासळी देतात, बुडणाऱ्याला कधीकधी काठालाही लावतात. पण त्यांना कधीतरी एखादी पोरगी आवडते. मग त्या तिच्या गळ्यात माळ घालतात, आतल्या बाजूनं, एकेक मणी करून. माळ या कानापासून त्या कानापर्यंत पुरी झाली की ती पोरगी त्यांची. तिला मग घरात ठेवत नाहीत. ठेवली तर आसरा तिला न्यायला घरात येतात आणि जाताना आणखी कोणाला तरी सोबत नेतात. म्हणून पाळीवर बांबू-गवताची खोपी बांधायची, पोरीला हिरवं लुगडं नेसवायचं, हिरवा चुडा भरायचा, ओटी भरायची आणि तिकडं पोचवायचं. जेवण न्यायचं, ठेवायचं, मागं न पाहता परत यायचं. पुढं जे व्हायचं ते होतं.

हे ऐकीव नव्हतं. बाबाच्या धाकट्या बहिणीला, शेवंता आत्याला, असंच पोचवलं होतं. मी तिला पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पाळीवर चिंचेच्या झाडापाशी एक सपाट जागा होती, तिथं कोणी जाळं वाळत घालायचं नाही एवढाच नियम. मी एकदा विचारलं होतं की आत्या कशानं मेली, तर बाबा म्हणाला, ‘मेली नाई, नेली.’ आणि जाळं खांद्यावर टाकून चालता झाला.

खरी भीती मला गाठींनी घातली नाही, माझ्या केसांनी घातली. एका सकाळी उठले तर केस ओले. नुसते दमट नाहीत, पिळावे एवढे ओले. पोलकं अंगाला चिकटलेलं, अंथरूण ओलं, आणि कपाळापाशी केसांत शेवाळाची एक बारीक दोरी. मायनं ती काढली, हातात धरली, आणि माझ्या पायांकडं पाहिलं. पाय कोरडे होते, पण तिला वाटलं मी पुसले असतील. तिनं विचारलं, कुठी गेली होती रातच्याला? मी म्हटलं, कुठीच नाई. तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही बसेना. कारण त्या रात्री मला पाणी दिसलं होतं. मी पाण्याखाली उभी होते आणि वर, कुठंतरी उजेडात, आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. संध्याकाळ झाली की अंगात कणकण येई, डोळे जड होत, आणि मग ते पाणी येई. ते स्वप्न होतं की मी खरंच गेले होते, हे पंधरा-सोळा वर्षांची पोरगी कसं ठरवणार? मी तर आजही शपथेवर सांगणार नाही.

मग रोजचंच झालं. मायनं जाळ्याचा दोर घेतला, एक टोक माझ्या घोट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या. सकाळी उठून पाही तर दोर जसाच्या तसा, तिनं बांधलेला फासही हललेला नाही, आणि माझे केस ओले. बाबानं दाराच्या आत राख पसरली. राखेवर पाऊल नाही आणि केस ओले. याच्यापेक्षा वाईट काही असू शकतं का? पोरगी दारातून जात असती तर दार लावता आलं असतं. ज्या मागच्या भिंतीला मी लहानपणी कान लावायची, तिच्याकडं आता घरात कोणी पाहत नसे. सुऱ्यानं आपलं अंथरूण उचललं आणि पडवीत नेलं. कोणी त्याला ने म्हणालं नव्हतं.

आणि सगळे माझ्याशी फार चांगलं वागू लागले. त्याची जास्त भीती वाटायची. मला पाणी भरायला पाठवेनात. शेजारची काकू, जी माझ्या नावानं रोज बोटं मोडायची, ती वाटीभर मोहाच्या पुऱ्या घेऊन आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. एका दुपारी मरळीचं डोकं माझ्या ताटात पडलं. मी बाबाकडं पाहिलं. बाबा भातात बोटं घालून खाली पाहत बसला होता. सुऱ्यानंसुद्धा ते मागितलं नाही. मी ते डोकं खाल्लं नाही. भूकच नव्हती. भूक तर मला कितीतरी दिवसांपासून नव्हती, पण तिकडं कोणाचं लक्षच गेलं नाही, सगळ्यांचं लक्ष गळ्याकडं. माळ तोवर हनुवटीखालून पलीकडं वळली होती.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा बाबानं बांबू आणले. परसात बसून तो ते चिरायचा. चिरताना बांबूचा जो कडाड् आवाज होतो तो मी खोलीत पडून ऐकायची. कोणी सांगितलं नाही की हे कशासाठी, मी विचारलं नाही. दिवाळीनंतर गावची मंडई भरायची होती. आमच्याकडं प्रत्येक गावची मंडई म्हणजे मोठा बाजार, पाहुणे, रात्री दंडारीचा खेळ. मंडई झाली की मला पोचवायचं ठरलं होतं. बाबाचा राग येतो का, असं मला माझ्या लेकीनं एकदा विचारलं होतं. तेव्हा नाही आला. बाबाला सुऱ्याची भीती होती. एक लेकरू तर जाणारच होतं, दुसरं वाचवावं, एवढाच त्याचा हिशेब. आणि आसरांपुढं हट्ट करून कोणी जिंकल्याचं आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं. राग नाही, पण मी मनातून फार एकटी पडले होते. जिवंतपणी घरातून उठून गेल्यासारखं वाटे.

चुडा भरायला चामोर्शीहून जैतूनबी आली. टोपलीत चुड्या घेऊन ती आमच्या गावांतून फिरायची. आमच्या घरातल्या सगळ्या मनगटांवर तिचाच हात फिरलेला, माझ्या बारशाच्या काळ्या बांगड्यासुद्धा तिनंच भरलेल्या. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. आल्या आल्या तिला वाटलं पोरीचं लग्न ठरलं, म्हणून ती मला चिडवायलाच लागली, नवरा कुठला, मिशा हायेत का त्याले. जैतूनबीनं माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला, नेहमीच्या मापाची चुडी चढवली, आणि ती न अडकता कोपरापर्यंत गेली. तिनं ती काढली, लहान मापाची घेतली. तीही तशीच गेली. मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, गळ्याकडं पाहिलं, आणि मायला विचारलं, हे काय होऊन राह्यलं पोरीले. मायनं सांगितलं. सगळं सांगितलं, माळ, केस, दोर, राख, खोपी. सांगताना ती रडली नाही, बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती.

जैतूनबी चुड्या परत टोपलीत मांडायला लागली. म्हणाली, ‘मी लगनाच्या भरते, बारशाच्या भरते. अशा नाई भरत, बाई.’

माय म्हणाली, मग दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ. तेव्हा जैतूनबीनं टोपलीवर फडकं बांधता बांधता सांगितलं, की तिच्या नणंदेच्या पोरीलाही गळ्याला अशाच गाठी उठल्या होत्या, सरकारी दवाखान्यात सुई टोचून पाहिलं, गोळ्या दिल्या, आणि आता तिला दोन लेकरं आहेत. हीच बिमारी आहे का ते मला ठाऊक नाही, म्हणाली, मी काही डॉक्टर नाही. मग उठली, टोपली डोक्यावर घेतली, आणि दारातून वळून म्हणाली, ‘एकदा दाखवून तं आन. तलाव कुठी पळून चालला?’

हे वाक्य मायच्या डोक्यात बसलं. देवाचं खोटं आहे असं जैतूनबी म्हणाली असती तर मायनं तिला दारातून हाकललं असतं. पण तलाव कुठं पळून जात नाही, हे तर खरंच होतं. बाजाराच्या दिवशी मायनं बाबाला सांगितलं, पोरीसाठी हिरवं लुगडं घ्यायला जाते, पोरगीही सोबत येते, एकदा बाजार पाहून घेऊ दे तिला. बाबा बांबू चिरत होता. त्यानं मान हलवली. एसटी गावाबाहेर पडली, तलाव मागं गेला, आणि मी खिडकीतून सारखी मागं वळून पाहत होते. मला वाटत होतं रस्त्याच्या कडेनं, धानाच्या बांध्यांतून, पाणी आमच्याबरोबर येतंय. बांध्यांत पाणी होतंच तसं. माय म्हणाली, पुढं पाहा. तिनं हात माझ्या मांडीवर घट्ट दाबून धरला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बाहेरगावच्या, पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी माझा गळा दोन्ही बाजूंनी चाचपला, काखेत पाहिलं, घसा पाहिला, दात पाहिले. किती महिने झाले, दुखतं का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलं का, घरात कोणाला जुना खोकला आहे का. माय उत्तरं देत गेली. मग त्यांनी विचारलं, ‘रात्री घाम येतो का हिला?’

‘नाई,’ माय म्हणाली. ‘घाम नाई येत. रातच्याला तलावात जाते ते.’

बाईंनी पेन खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. आमच्याकडच्या माणसांवर दवाखान्यात ओरडतातच, आम्हाला सवय असते. त्या ओरडल्या नाहीत. दोराचं विचारलं, राखेचं विचारलं, आणि म्हणाल्या, आज इथंच राहा, संध्याकाळची बस सोडून द्या. आम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून दवाखान्याचं कोरडं आवार दिसत होतं, एक बाभूळ आणि बाभळीला बांधलेली कोणाची तरी बकरी. ऊन कलायला लागलं तशी माझी नेहमीची कणकण आली. बाईंनी ताप मोजला, एक गोळी दिली, अंगावर घोंगडं घातलं आणि मायला म्हणाल्या, ‘तुम्ही इथं बसा. हिच्याकडं पाहत राहा. डोळा हलवू नका.’

माय खाटेशेजारी जमिनीवर बसली. मी तिच्याकडं पाहत होते आणि ती माझ्याकडं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. बऱ्याच वेळानं मला कपाळावर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मग मानेवर, मग पाठीत. मायचे डोळे मोठे झाले. माझ्या कपाळातून, केसांच्या मुळांतून, पाणी वर येत होतं. कोणी ओतत नव्हतं, कुठून टपकत नव्हतं, नुसतं आतून वर येत होतं, थेंबाथेंबानं, आणि कानामागून उशीवर उतरत होतं. मायनं आधी छताकडं पाहिलं. मग खाटेखाली वाकून पाहिलं. तलाव कितीतरी कोस दूर राहिला होता, दारात नर्स बसलेली, आणि मायच्या डोळ्यांसमोर तिच्या पोरीचे केस ओले होत होते. मी तेवढी घाबरलेली माय पुन्हा कधी पाहिली नाही. ती मागं सरकली. एक क्षण मला वाटलं ती उठून पळणार.

ती पळाली नाही. तिनं हात पुढं केला, माझ्या कपाळावरून एक बोट ओढलं, आणि ते बोट जिभेला लावलं.

मग पुन्हा एकदा लावलं. सगळा जन्म ती त्या तलावाचं पाणी प्यायली होती, त्यात तिनं भात शिजवला होता. ‘खारट आहे,’ ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच म्हणाली. ‘पोरी, हे खारट आहे.’ आणि तिथंच जमिनीवर बसून ती जी रडायला लागली, ती नर्स धावत येईपर्यंत थांबली नाही. इतके दिवस रोज सकाळी तिनं माझे केस पुसले होते, पिळले होते, शेवाळ काढलं होतं. शेवाळ तर वरच्या जाळ्यातून पडत होतं! पण चाखून पाहावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आलं असतं तरी घाबरून केलं नसतं, आसरांचं पाणी कोण तोंडात घालेल?

गाठीतून सुईनं काढून तपासायला पाठवलं, छातीचा फोटो काढला. काही दिवस आम्ही तिथंच राहिलो; मायनं गावच्या एका माणसाबरोबर बाबाला तसा निरोप धाडला, कारण मात्र सांगितलं नाही. गाठींचा टीबी निघाला. आपल्याकडचे जुने लोक त्याला गंडमाळ म्हणतात. छाती साफ होती, त्यामुळं कोणाला माझ्यापासून धोका नव्हता. मला तो कुठून लागला ते कधी कळलं नाही. घरातल्या सगळ्यांना पुढं तपासलं, कोणालाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मायला तीनतीनदा बजावलं की गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतील, मधे बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, आणि सुरवातीला एखादी गाठ आणखी फुगेल किंवा फुटेल, त्याला भिऊ नका. एक फुटलीच. ही खूण तिचीच. गोळ्यांनी लघवी लाल होते हेही त्यांनी सांगितलं होतं, ते बरं झालं, नाहीतर मायनं मला तिथूनच पळवून नेलं असतं.

आता गडचांदूरला, सिमेंट कारखान्यांच्या गावी, मुलाकडं राहते, तर गल्लीत कोणाच्या मानेवर काही उठलं की बायका आधी माझ्याकडं येतात. मी काही शिकलेली नाही, पण पोळलेली आहे. सिमेंटच्या धुळीनं आणि उन्हानं येणारे पुरळ असतात, घामोळ्या असतात, केसाच्या मुळाशी पिकलेली पुळी असते, उतारवयात गळ्यावर लोंबणारे मस असतात. त्यांना मी म्हणते, जा घरी, ओरबाडू नको. घसा बसला, दाढ किडली, डोक्यात उवाखांडकं झाली तरी गाठ येते, दुखते, आणि पंधरा दिवसांत निघून जाते. पण जी दुखत नाही ना, तिला जास्त भ्या. दोनतीन आठवडे होऊन गेले आणि गाठ तशीच आहे, वाढतेय, दगडासारखी घट्ट आहे, एकीच्या दोन झाल्या, संध्याकाळी अंग तापतं, रात्री कपडे भिजतात, चुडी सैल होते, गिळायला त्रास होतो, तर मला दाखवू नको, देवाला दाखवू नको, डॉक्टरला दाखव. देवाला नंतर दाखव, तो कुठं पळून चालला? बायका हसतात. मी हसत नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा पाळीवर होता. खोपी बांधून झाली होती, चिंचेजवळच्या त्या सपाट जागेवरच. नवीन बांबू उन्हात पिवळेधमक दिसत होते. आमच्याजवळ लुगडं नाही हे त्यानं लांबूनच पाहिलं. माय पाळ चढून वर गेली, मी तिच्या मागं. तिनं सगळं सांगितलं, न थांबता, उभ्या उभ्याच. बाबा वाद घालेल, चिडेल, सुऱ्याचं नाव काढेल, असं आम्हा दोघींना वाटलं होतं. त्यानं मधे एकच विचारलं, ‘खारट होतं?’

‘व्हय.’

‘तू चाखलं?’

‘दोनदा चाखलं,’ माय म्हणाली.

बाबा खोपीच्या दारात खाली बसला. तोंड पाण्याकडं केलं. पाणी अगदी शांत होतं, शिंगाड्याचे वेल काठापर्यंत आले होते. मग तो बोलायला लागला, आमच्याकडं न पाहता. ‘शेवंता इथून वरडे,’ तो म्हणाला. ‘मी भाताची थाळी ठेवून पलटलो का वरडे. दादा, मी कुठीच जात नाई रातच्याला, इथीच निजून राह्यते. एक रात इथी ऱ्हाय अन् तूच पाहून घे. रोज तेच. मी म्हणो, हे शेवंता नाई, तिच्या तोंडानं पाणी बोलून राह्यलं. म्हणून मागं नाई पाह्यलं मी. एकदाबी नाई पाह्यलं.’

खाली घरी येऊन मायनं चूल पेटवली, मला गोळ्या दिल्या, सुऱ्यानं आपलं अंथरूण परत आत आणून माझ्याशेजारी टाकलं. बाबा जेवायला आला नाही. मायनं त्याला हाक मारली नाही, मलाही मारू दिली नाही.

सकाळी मी दात घासत परसात उभी होते तेव्हा तो पाळ उतरून येताना दिसला. दव पडलेलं होतं, त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, अंगावर खोपीतल्या गवताच्या काड्या. डोळे लालभडक. माय दारात आली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘पाहून आलो. कोणीच नाई येत.’